वर्षाला एक थेंब

फुथू खाली लागायला आलं होतं. झिबुयिलेनं लाकडी काठीनं मक्याचं ते मोकळं पीठ वरखाली केलं, पाठीवर टॉवेलनं बांधलेल्या लुबांझीला हलकासा झोका दिला, आणि तेवढ्यात दार वाजलं.

बोटांच्या पेरांनी वाजवलेलं दार.

त्या खोऱ्यात असं दार कुणी वाजवत नाही. आलेलं माणूस कुंपणाच्या खांबांपाशी उभं राहतं, घराच्या कुळाचं नाव घेऊन हाक मारतं, आणि कुत्री गप्प होऊन कुणी बाहेर येईपर्यंत तिथेच ताटकळतं. थेट दाराशी येऊन पेरं आपटणारे दोनच. एक पोलीस, दुसरे अभ्यासवाले. पोलिसांची गाडी टेकडीवर असल्यापासूनच ऐकू येते, आणि आज टेकडी गप्प होती.

‘म्हणजे आले,’ झिबुयिलेच्या मनात आलं. ‘सांगायला आले.’

छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. तिनं भांडं विस्तवावरून उतरवलं, काठी निपटली, झाकण ठेवलं. नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. गोष्टी तिच्यापर्यंत पोचायच्या, पण उशिरा आणि फार लांबून आल्यासारख्या. परवा उकळता चहा मनगटावर सांडला, तर फोड आलेला बघून तिला कळलं की भाजलंय.

“मकोटी, कान कुणाला उसने दिलेस का? दार वाजतंय!” पलंगावरून सासूचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मोठी लेक नोमवेलो हायस्कुलात जायला लागली, तरी सासूच्या तोंडी ती अजून मकोटीच, नवी सून.

अभ्यासवाल्यांची, म्हणजे खोऱ्यातल्या दुखण्यांचा अभ्यास करणाऱ्यांची, गोष्ट अशी. हमरस्त्याला लागून त्यांचं ऑफिस आहे, आणि वर्षातून एकदा त्यांची पांढरी गाडी खोऱ्यातल्या घराघरांत फिरते. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कामाला शहरात राहिलं, सगळं विचारून घेतात. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बोट टोचतात. रक्ताचा एक थेंब जाडसर कागदावर घेतात, वाळवतात, पाकिटात घालतात आणि जातात. पुन्हा वर्षभर तोंड दिसत नाही. आणि खोऱ्यात सगळ्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती. कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण धरून ठेवली होती. थेंबात काही वाईट निघालं, तर ते सांगायला येतील. गाडी आहे, पेट्रोल आहे, ऑफिसात माणसं आहेत, येतील की. ज्याचं दार वाजलं नाही, त्याचं रक्त चांगलं.

झिबुयिलेचा नवरा भेकुयिसे हे सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. या उन्हाळ्यात तो गेला. हाडं आणि डोळे तेवढे उरले होते. त्याचं दार तर कुणी वाजवलं नव्हतं. मग तो कशानं गेला? आणि ज्यानं तो गेला ते आपल्यातही आलंय का? आपल्यात असेल, तर अजून दिवसातून चारदा अंगावर पिणाऱ्या लुबांझीतही उतरलंय का? हे प्रश्न तिनं एकदाच मनातल्या मनात विचारले होते. नंतर ते घरातल्या एखाद्या जड पेटीसारखे एका कोपऱ्यात पडून राहिले. रोज त्यांना वळसा घालून ती कामं करायची.

तिनं दार उघडलं.

बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती. निळं जाड जाकीट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, काखेत टॅब्लेट. झिबुयिलेचे काळे कपडे दिसताच तिनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि आवाज खाली आणला. विधवेच्या हातात हात देत नाहीत. रीत ठाऊक असलेली बाई होती.

“मी सिस्टर माफुमुलो. अभ्यासाच्या ऑफिसातून आले.”

“बाई गं,” आतून सासू म्हणाली, “आमच्याकडे तोंडानं हाक मारतात. पेरं पोरांच्या टाळक्यात मारायला असतात.”

“चुकलं, गोगो. खांबापाशी दोनदा हाक मारली हो. तुमची शेरडं माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती.”

“ओरडणारच. त्यांना वाटलं असेल, पशुवैद्य आली.” सगळ्यांची गोगो, म्हणजे आजी, हसली. पुढचे तीन दात नसलेलं तिचं हसू मोठं गोड होतं, आणि ते ती क्वचितच वाया घालवायची. “ये, बस. मकोटी, खुर्ची दे. चहा टाक.”

सिस्टर खुर्चीवर बसली. झिबुयिलेनं चहा केला, साखर जास्त पडली. स्वतःचा चहा तिनं काठ उडालेल्या तिच्या वेगळ्या मगात ओतला. वर्ष सरेपर्यंत तिचा मग वेगळा, ताटली वेगळी. आमासीचं आंबट दूध तिला चालत नाही, गुरांच्या गोठ्यातून जायचं नाही, सूर्य बुडायच्या आत घरात. तिला यातल्या कशाचा त्रास नव्हता. उलट, काय करायचं नाही हे दुसरं कुणीतरी ठरवून दिलेलं असलं की दिवस आपोआप उलगडतो.

ती भिंतीलगत चटईवर पाय एका बाजूला मुडपून बसली, लुबांझीला पुढे घेतलं.

“भेकुयिसे मबाथांबद्दल आले आहे,” सिस्टर म्हणाली.

“हो,” झिबुयिले म्हणाली. तिनं मग खाली ठेवला. “सांगा.”

“सांगायचं नाहीये हो. विचारायचंय. ज्या घरातलं माणूस जातं, तिथे आम्ही काही महिन्यांनी येतो. कसे आजारी पडले, काय काय झालं, ते विचारतो. तुम्हाला नको असेल तर तसं म्हणा, मी उठून जाईन.”

“विचारायला आलात.”

“हो.”

झिबुयिलेनं मग पुन्हा उचलला.

“विचार, विचार,” गोगो म्हणाली. “मीच सांगते. माझा पोरगा होता.”

आणि ती सांगायला लागली. भेकुयिसे निलगिरीच्या मळ्यांत झाडं तोडायचा. यंत्राची करवत चालवणारा माणूस, हात लोखंडासारखे. महिन्याच्या शेवटी घरी यायचा तो दारातून वाकून आत यायचा, एवढा उंच. तिथल्या कुणाच्या तरी डोळ्यात खुपला. त्याला मुकादम करणार होते ना! मग एके दिवशी कुणीतरी करणी करून काहीतरी खायला घातलं. मटणात किंवा बिअरमध्ये. ते पोटात बसलं आणि आतून पोखरायला लागलं.

“खोकला होता?” सिस्टरनं विचारलं.

“खाल्लेलं वर यायला बघतं तेव्हा खोकला येतोच, बाई.”

“किती दिवस?”

गोगोनं सुनेकडे पाहिलं. ही असली उत्तरं तिच्याकडे नव्हती. पोरगा तिचा असला तरी आजारपण सुनेच्या हातांतून गेलं होतं.

“थंडीत सुरू झाला,” झिबुयिले म्हणाली. “पुढच्या थंडीपर्यंत ते राहिले नाहीत.”

“रात्री घाम?”

“चादर पिळावी लागायची.”

“वजन?”

“पँटला आधी दोरी बांधली. मग नोमवेलोच्या शाळेच्या स्कर्टाचा पट्टा बसायला लागला.”

सिस्टर बोटानं टॅब्लेटवर खुणा करत होती. मधूनच ती थांबायची, खिडकीबाहेर बघायची आणि मग पुढचा प्रश्न घ्यायची. प्रश्न लांबलचक होते, आणि झिबुयिले एकेकाचं उत्तर देत होती, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं. तोंडात पांढरं आलं होतं का? आलं होतं. जुलाब? हो. पायांना सूज? शेवटी. बोलताना तिची बोटं चटईच्या काठावरून फिरत होती. काठ उसवला होता, आणि तिची बोटं सवयीनं त्यात गवत घालायला निघाली होती.

चटया तिचं काम. तिचं माहेर नदीच्या मुखाकडचं, डुबे कुळाचं. म्हणून सासरी बाहेरचे लोक तिला माडुबे म्हणतात. तिच्या आईनं तिला चालता येण्याआधी गवत ओळखायला शिकवलं, असं माहेरी म्हणायचे. दरवर्षी थंडीच्या तोंडाला खाडीतलं इन्सेमा गवत कापायला सरकार बायकांना सोडतं. गुडघाभर पाण्यात शेकडो बायका, हातात विळे, तोंडं सतत चालू. कुणाच्या नवऱ्यानं काय केलं, कुणाच्या सासूनं काय म्हटलं, सगळ्या खोऱ्याची वर्षभराची झाडलोट तिथे व्हायची. तिथेच एका वर्षी, लग्नाआधी, काठावर गाड्यांत भारे चढवणाऱ्या पोरांत भेकुयिसे होता. त्यानं तिचा भारा सगळ्यांत वर ठेवला होता, चिखल लागू नये म्हणून. बस, एवढंच. त्यावर तिनं लग्न केलं. या वर्षी काळे कपडे अंगावर म्हणून ती पाण्यात उतरली नाही. जुनं उरलेलं गवत भिजवून भिजवून ती एकच चटई विणत होती. विणायची, चुकली म्हणून उसवायची, पुन्हा विणायची. चूक काय होती ते कुणाला दिसलं नसतं.

“त्यांनी कधी एचआयव्हीची तपासणी केली होती?” सिस्टरनं विचारलं.

त्या घरात कुणी तो शब्द सहसा काढत नसे. गोगोनं पलंगावरून पाय खाली सोडले.

“हे बघ बाई, तू चांगल्या घरची दिसतेस म्हणून सांगते. माझ्या पोराला ते नव्हतं. तूच विचार तुझ्या ऑफिसात! दरवर्षी तुमची पोरं येतात, टोचून जातात. त्याचंही बोट टोचलंय, हिचंही, माझंही. मी सत्तरीची, माझ्याकडून काय निघणार? पण घ्या म्हटलं, पाहुण्याला नाही कशाला म्हणा. आलं का कुणी सांगायला? नाही आलं! माझं रक्त असं, बघ, पहिल्या धारेच्या दुधासारखं. आणि त्याचंही तसंच. असतं तर तुम्ही आला नसता?”

सिस्टर माफुमुलोनं टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला.

“गोगो,” ती म्हणाली, “तो थेंब नावानं जात नाही. पाकिटावर नुसता आकडा असतो. शहरातल्या प्रयोगशाळेत बघतात, पण तो कुणाचा ते बघणाऱ्याला ठाऊक नसतं. सांगायला कुणीच जात नाही. ज्याचं चांगलं त्याच्याकडेही नाही, ज्याचं वाईट त्याच्याकडेही नाही.”

“कुणाकडेच?”

“कुणाकडेच. टोचायच्या आधी ते वाचून दाखवतात की. ‘निकाल कळवला जाणार नाही, हवा असेल तर दवाखान्यात जाऊन तपासा.’ पहिल्याच पानावर आहे.”

“वाचतात,” झिबुयिले म्हणाली. “आम्ही हो म्हणतो. पाहुणा वाचत असताना मध्ये कोण बोलणार?”

हे ती भांडायला म्हणाली नव्हती. खरंच तसंच व्हायचं. अभ्यासातलं पोरगं खुर्चीवर बसून एका सुरात वाचायचं, घरातली माणसं चटईवर हात जोडून ऐकायची, जसं प्रवचन ऐकतात. प्रवचनातला प्रत्येक शब्द कुणी धरून ठेवत नाही. शेवटी आमेन म्हणायचं असतं, ते म्हणतात.

“मग नेता कशाला?” गोगोचा आवाज चढला. “आमचं रक्त काय चहा गाळायला नेता?”

“कुठल्या भागात दुखणं वाढतंय, कुठे उतरतंय, ते त्यातून कळतं. तिठ्यावरचा दवाखाना त्याच आकड्यांवर झाला, गोगो. रोज एक गोळी घेतली की आजार दबतो, दुसऱ्याला लागतही नाही, हे असल्याच खोऱ्यांमधून कळत गेलं. आता पोरींसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सुई आली आहे, लागण होऊच नये म्हणून. तीही आधी इथल्यासारख्याच मुलींनी टोचून घेतली, तेव्हा कळलं की चालते.” आपण भलत्या घरात भलतं बोललो, असं सिस्टरलाच वाटलं असावं. “जगाला कळतं, गोगो. घराला कळत नाही. माझं कामही तसंच आहे.”

“दवाखाना झाला,” गोगो म्हणाली, “आणि पोरगा गेला.”

ती उठली. काठी घेतली. दारात वळून म्हणाली, “लिही. त्याला खायला घातलं, असं लिही. माझ्या शब्दांत लिही.”

“लिहिते, गोगो. घरच्यांचे शब्द लिहायला जागा असते त्यात. जसं म्हणालात तसंच लिहिते.”

गोगो बाहेर गेली. अंगणात ती शेरडांवर खेकसताना ऐकू येत होती. शेरडांचा काही दोष नव्हता.

झिबुयिले चटईवर तशीच बसून होती. लुबांझीनं तिच्या काळ्या ब्लाउजची कड ओढायला सुरुवात केली, तशी तिनं त्याला पाजायला घेतलं. त्याच्या ओढण्यात जोर होता, दात आलेले, आणि मध्येच तो तोंड सोडून खुर्चीवरच्या बाईकडे बघून हसायचा. इतकी वर्षं. दरवर्षी गाडी यायची, जायची, आणि मग ते लांबच लांब काहीच न येणं. त्या काहीच न येण्यावर भेकुयिसे निवांत झोपायचा. तीही झोपायची. आता त्या न येण्याला काही अर्थच नव्हता. त्याच्याकडे कुणी यायचंच नव्हतं. तिला वाटलं, आपल्याला आता राग यायला हवा. पण तिनं वाट पाहिली आणि तो आला नाही.

“त्यांची तपासणी कधीच झाली नव्हती?” सिस्टरनं हलक्या आवाजात पुन्हा विचारलं.

“माझी झाली होती. पोटुशी असताना. नोमवेलोच्या वेळी, मग मध्ये एक राहिलं नाही त्याच्या वेळी, मग याच्या वेळी. दर वेळी चांगलं निघालं. मी घरी येऊन त्यांना सांगायची. ते म्हणायचे, झालं तर मग. तू चांगली म्हणजे मी चांगला. एक नांगर, एक जोडी.” तिनं लुबांझीचं डोकं दंडावर नीट घेतलं. “मी म्हटलं होतं एकदा, तुम्हीही या. म्हणाले, तिथल्या बाकावर सगळ्या बायका आणि नाकं गळणारी पोरं. पुरुषानं तिथे बसून काय विणकाम करायचं? मला हसू आलं होतं.”

“एकाला असतं आणि दुसऱ्याला नसतं, असं होतं. वर्षानुवर्षं होतं. बायकोच्या तपासणीतून नवऱ्याचं कळत नाही.”

“हो,” झिबुयिले म्हणाली.

“हॉस्पिटलात काय सांगितलं?”

“मला नाही सांगितलं. त्यांना सांगितलं असेल. डॉक्टर त्यांच्याशी पडदा ओढून बोलले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, फुप्फुसं, टीबी. ह्यांच्याकडे बघितलं तर ह्यांनी तोंड भिंतीकडे केलेलं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय, नैसर्गिक कारण.” हे शब्द तिनं नीट, सुटे सुटे उच्चारले, परक्या माणसाच्या नावासारखे. “शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, तू बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे, काल रात्री झोप लागली. मला वाटलं, झोपेचं विचारतायत.”

बाहेर गोगो कुणाशी तरी बोलत होती; बहुतेक कोंबड्यांशी.

सिस्टरचे प्रश्न संपले होते. टॅब्लेट बंद करून तिनं पिशवीत घातला, पण उठली नाही. साखरेनं घट्ट झालेला गार चहा तिनं संपवला. मग म्हणाली, “पोर अजून अंगावर आहे.”

“हो.”

“याच्या जन्मानंतर तुम्ही तपासलंत?”

“एकदा. पाजते आहे तोवर तीन-तीन महिन्यांनी ये म्हणाल्या होत्या. मग हे आजारी पडले. मग हे,” असं म्हणून तिनं बाहीच्या काळ्या कापडाला हात लावला. “सुरुवातीला मी दवाखान्यात गेले होते एकदा. याला ताप होता. बाकावर बसले तशा शेजारच्या दोघी पोरं घेऊन उठल्या. मग पलीकडच्याही उठल्या. काळ्याची सावली पोरांवर नको म्हणून. मीही उठले असते त्यांच्या जागी. सासूबाईंनी सांगितलं, वर्ष निघेपर्यंत जायचं नाही. याचे डोस त्याच देऊन आणतात, पाठीला बांधून. एवढ्या म्हाताऱ्या, टेकडी चढून. त्या वाईट नाहीत.”

“वाईट कोण म्हणतंय?”

“तुम्ही म्हणाल असं वाटलं.”

सिस्टर पहिल्यांदाच हसली. मग खुर्ची सोडून ती खाली, चटईच्या कडेवर येऊन बसली. विधवेच्या चटईवर सहसा कुणी बसत नाही. झिबुयिलेनं पाय थोडे आत घेतले.

“ऐका, माडुबे. तुम्हाला नसेल तर याला नाही. एवढं तरी सरळ आहे. आणि असेल, तर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. रोजची एक गोळी. दूध तोडावं लागत नाही, पोराचीही तपासणी होते, त्यालाही औषध असतं. पण आज कळणं आणि वर्ष निघाल्यावर कळणं, यात फरक आहे. रोज पितोय तो.”

“हो,” झिबुयिले म्हणाली. तिला सगळे शब्द समजले होते. ते एका रांगेत आत येऊन बसले होते, तिठ्यावरच्या त्या बाकावरच्या बायकांसारखे. एकमेकांशी बोलत नव्हते.

“माझ्याकडे नुसते प्रश्न असतात. गेलेल्या माणसाचे. टोचणारी माणसं वेगळी. पण आता त्यांच्याकडे लगेच सांगणारी पट्टीसुद्धा असते. बसल्या जागी, चहा होईतो कळतं. ती आकड्यानं जात नाही. तुमची तुमच्या हातात देतात.”

“मग ते का करत नाहीत?”

“मागावी लागते. कुणी मागितली तरच काढायची, असा नियम आहे. मी ‘घ्या’ म्हणायचं नाही, तुमच्या तोंडात शब्द घालायचा नाही.” तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला, पुन्हा काढला. “माणसं मागतच नाहीत. वाटतं, दरवर्षी टोचतात तेवढं पुरे.”

झिबुयिलेनं खाली बघितलं. लुबांझी पिता पिता झोपला होता. ओठ सुटले होते, पण अजून हलत होते.

मागणं तिला जमत नसे. लहानपणापासूनच नाही. माहेरी सगळ्यांत धाकटी, उरेल ते तिचं; सासरी नवी सून, देतील ते तिचं. गवत कापायला बायका चांगल्या जागेवरून हमरीतुमरीवर यायच्या, तेव्हा ती जिथे कुणी नाही तिथे जाऊन कापायची. नवऱ्याकडे तिनं इतक्या वर्षांत एकदाच मागितलं होतं, तपासायला चला म्हणून. त्यांनी थट्टा केली, ती हसली, आणि ते मागणं तिथेच मिटलं. आता तर घरात तिच्यापुढे दोन वेळचं ताट येतं, आणि तेही ती बोलावल्यावर घेते. शोकातल्या बाईनं काही मागितलेलं त्या खोऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं.

अंगणातून गोगोची काठी दाराकडे येताना ऐकू आली. मध्येच थांबली. गोगो कुणाला तरी, बहुतेक मोठ्या शेळीला, सांगत होती, “तुला काय कळतंय? तुझी सगळी करडं आहेत.” मग काठी पुन्हा लांब गेली.

सिस्टर उठली. जाकिटाची चेन लावली. “येते मग. पुढच्या घरी जायचंय, टेकडीमागं. तिथेही असंच.” तिनं हात पुढे केला नाही, पण मान बरीच खाली झुकवली. तीन पावलं टाकून ती दारापाशी पोचली आणि कडीला हात घालून थांबली. मागे वळली नाही. नुसती उभी राहिली, पाठमोरी.

झिबुयिलेला वाटलं, आपण काही बोलणार नाही. जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी होती. काही न बोलणं सोपं होतं. सगळं वर्ष तसंच निघालं असतं. मांडीवर लुबांझीनं झोपेत तोंड वळवून पुन्हा दूध शोधलं, आणि त्याचे नवे दात तिला लागले. लागले, हे तिला लगेच कळलं.

“सिस्टर,” ती म्हणाली.

“बोला.”

“उद्या गुरुवार. सासूबाई बायकांच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जातात, दुपारपर्यंत येत नाहीत. त्या टोचणाऱ्या माणसांना तेव्हा पाठवा. माझं रक्त बघा, आणि काय निघालं ते मला सांगा.”